पाला लावणारा हात

३ फेब्रुवारी १९७६, मंगळवार

ठकूबाईच्या गोदाला झोळीत घालून दवाखान्यात आणलं. कोळशाच्या भट्टीवर काम करताना जरा टेकली म्हणून मुकादम श्रीपतनं कमरेत लाथ घातली — पोर सरळ निखाऱ्यांत! दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. कातडी मोज्यासारखी सुटून आली.

वर हा माणूस पान चघळत मला सांगतो, "पाय घसरला तिचा. तसंच लिवा, नर्सबाय." मी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. पाची बोटं उठली. पश्चात्ताप मुळीच नाही.

ठकूबाई वाडीवर पाला देते, म्हणजे झाडपाल्याचं औषध. लेकीचा उजवा हात तिनं मला धरू दिला नाही, त्यावर कसल्याशा पानांचा रस पिळला. डाव्याला मी मलम लावलं. भांडले तिच्याशी. अडाणी म्हटलं.

१२ फेब्रुवारी

डावा हात सडला. रोज मेलेलं मांस कात्रीनं कापते. गोदा किंचाळते, दोघीजणी तिला दाबून धरतात. आणि उजव्यावर गुलाबी कातडी धरलीय!

आज गुरुवार, डॉक्टर आले. आधी "योगायोग" म्हणाले. मग बराच वेळ उजवा हात बघत राहिले. भाजल्यावर शेजारचं चांगलं मांसही पुढे खराब होत जातं, ते अडवणारं काही पानांत असू शकतं म्हणे. अर्क मुंबईला तपासायला पाठवू, तिला झाडाचं नाव विचारा.

विचारलं. ठकूबाई म्हणाली, "तुला नाय सांगायची. तुजा हात उठतो. पाला लावनाऱ्या हातानं कोनाला मारू नाय. मारलं का त्या हाताचा गुन जातो, परत येत नाय."

"मावशी, यापुढे नाही उठणार."

"बगू."

डाव्या हातालाही पाला लाव म्हटलं, तर मान हलवली. "सडल्यावर नाय लागत."

२० फेब्रुवारी

श्रीपत शीळ घालत दवाखान्यावरून गेला. पोलीस पाटलानं अपघात लिहून घेतलाय. हात पदराखाली दाबून उभी राहिले. ठकूबाई माझ्याकडे बघत होती.

२ मार्च

गोदा गेली.

डाव्या हाताचं विष अंगभर पसरलं. उजवा शेवटपर्यंत चांगला होता. मी लावलेलं मलम, मी बांधलेला हात. ठकूबाई पोरीला उचलून घेऊन गेली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

५ मार्च

पहाटे ठकूबाई दारात! डोंगरात नेलं, झाड दाखवलं, माझ्याच हातानं पानं तोडून घेतली, वाटून घेतली. नाव इथंही लिहीत नाही, तसं कबूल केलंय.

"आजपास्नं तू लाव, बाय. कोन बी येऊ दे, नाय म्हनू नको."

"आणि तुम्ही, मावशी?"

"माजं झालं."

थकली असेल बिचारी. बाटली भरून ठेवलीय, डॉक्टर मुंबईला पाठवतील. किती दिवसांनी बरं वाटतंय!

६ मार्च

ठकूबाईनं श्रीपतला पेटत्या भट्टीत ढकललं आणि कोयता घेऊन तोंडाशी उभी राहिली. बाहेर येईल तेव्हा वार. लोकांनी त्याला ओढून काढेपर्यंत तीन घातले. पोलीस तिला घेऊन गेले.

श्रीपत माझ्यापुढे टेबलावर ओरडत होता. माझा हात उठला होता. खाली घेतला. पाला वाटला. त्याच्या दोन्ही हातांना लावला.