गुणाबाईचं वारूळ

२८ जून
माझा शाळेतला दोस्त प्रफुल घुग्घुसहून आला होता. सिमेंट कारखान्यात शिफ्टला आहे, पण ज्ञान मॅनेजरचं. मोबाईलवर 'बोलचेन' नावाची साईट दाखवली. आपण लेख लिहायचा, लोकांनी व्होट द्यायचं, व्होटचे टोकन होतात, टोकन म्हणजे क्रिप्टो. म्हणाला, तू त निबंधात पयला येत होता ना बे, मंग काऊन नाई लिहून राह्यला? पंधरा वर्षं शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे मी. त्या निबंधांची आठवण कोणी काढली नव्हती. लगेच जॉइन झालो.

२९ जून, सकाळी ६
साईटनं बारा इंग्रजी शब्दांची किल्ली दिली. कोणाला सांगायची नाही. हरवली तर खातं गेलं. कागदावर लिहून शाळेतल्या ॲसिडच्या रिकाम्या बाटलीत ठेवणार. तिथे कोणी हात घालत नाही. गुणाबाईनं विचारलं, बायकोलेई नाई सांगत का? तिला समजावलं, गुप्त गोष्ट एकदा तोंडातून गेली की आपली राहत नाही. तिनं मान डोलावली. माझी बायको टेक्नॉलॉजी पटकन समजते.
संकल्प: रोज एक लेख. दिवाळीपर्यंत दहा हजार फॉलोअर.

३ जुलै
पहिला लेख, 'जीवन म्हणजे काय?'. व्होट एक. माझंच.

५ जुलै
रोज एक लेख हा संकल्प शास्त्रीय नाही. दर्जा घसरतो. आठवड्याला एक.

९ जुलै
'यशाची सात सूत्रे' टाकला. व्हॉट्सॲपवर आला होता, पण मधली दोन सूत्रं मी स्वतः बदलली होती. तरी कोणीतरी कॉपीची तक्रार केली. खात्यावर लाल खूण. दोन्हीकडच्या एकोणीस नातेवाइकांना लिंक पाठवली होती, एकानंही व्होट दिलं नाही. लग्नाकार्यात मात्र पहिल्या पंगतीला हजर. दगाबाज.

२१ जुलै
तीन दिवस पावसाची झड. गुणाबाई सात्या आणायला निघाली. पावसात वारुळावर उगवणारी ही अळिंबी चंद्रपूरच्या बाजारात भलत्या भावानं जाते, पण गुणाबाई विकत नाही. वारूळ तिला तिच्या आईनं, ठमाबाईनं, दाखवलं. जागा आईनं मुलीला दाखवायची, दुसऱ्या कोणाला नाही. आमची उर्वशी बारावीत आहे, पुढच्या वर्षी तिला नेणार. मी टोपलं धरायला असतो. एवढी एकच सूट. ठमाबाई जाऊन तीन वर्षं झाली. गुणाबाई आधी वारुळाला हात लावते, तोंडातल्या तोंडात काही बोलते, मग हलकेच खुडते आणि मूठभर तिथेच ठेवते. मी फोटो काढले. विषय सापडला!

२२ जुलै
'माझ्या बायकोचं वारूळ'. अकरा व्होट!! शिवाय 'रानपाखरू' नावाच्या वाचकाची कमेंट: सर, डोळ्यांत पाणी आलं.
सर! शाळेत शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे मला 'गुणवंता, बीकर आण' म्हणतात. कमेंट नऊ वेळा वाचली.

२५ जुलै
रानपाखरू लिहितात, सर, लोक म्हणतात ही गोष्ट काल्पनिक आहे. पुरावा देऊन त्यांची तोंडं बंद करा. इज्जतीचा प्रश्न आला. नकाशावरची खूण टाकली. नाला, पडका बांध, मोहाची तीन झाडं, सगळं रीतसर लिहिलं. बोलचेनवर जगभरचे लोक आहेत. ब्राझीलचा माणूस काय गोंडपिपरीला सात्या खुडायला येणार आहे? बत्तीस व्होट. गुणाबाईला इतक्यात सांगत नाही. टोकनच्या पैशातून मिक्सर आला की एकदम सरप्राइज.

४ ऑगस्ट
दुसऱ्या खेपेला गेलो. वारूळ नव्हतं. कोणीतरी लोखंडी सबलीनं पार बुडापासून खणून काढलं होतं. गुटख्याच्या पुड्या, मोटारसायकलच्या चाकांचे पट्टे. आता तिथे काही उगवणार नाही, एवढं मलाही समजतं. गुणाबाई चिखलात बसली. म्हणाली, कोणालेच मालूम नोहतं जी. आईनं मले दाखवलं, मी तुमाले. मी म्हणालो, आजकाल कोणावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही.
मी हे बोललो. तिच्या तोंडावर बोललो.

५ ऑगस्ट
रानपाखरूचा नवा लेख: 'मला सापडलेलं वारूळ'. तीनशे दहा व्होट. फोटोत सात्यांनी भरलेली दोन पोती आणि मागे निळी टेप लावलेलं हेल्मेट. ती टेप शाळेतून आणून मीच चिकटवली होती, प्रफुलच्या हेल्मेटला. फोन करून त्याला विश्वासघातकी म्हणालो. तो म्हणाला, लेका, साऱ्या जगाले सांगतलं तू. मी का जगाच्या बाहेरचा आहो? मग 'सर' काऊन म्हणत होता, असं विचारलं. म्हणाला, तुले बरं वाटते म्हणून.

६ ऑगस्ट
'विश्वासघात' नावाची लेखमाला लिहायची. पाच भाग. प्रफुलचं खरं नाव घालून.

७ ऑगस्ट
लेखमाला रद्द. उर्वशीनं आईला बोलचेन दाखवलं. गुणाबाईनं तिच्याकडून माझा लेख पहिल्यापासून वाचून घेतला, नाल्यापर्यंत, बांधापर्यंत, मोहाच्या तीन झाडांपर्यंत. मी दारात उभा होतो. संपल्यावर म्हणाली, चांगलं लिवलं. आणि तांदूळ निवडायला बसली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्याजवळ उत्तरं तयार होती.

१८ ऑगस्ट
बोलचेन चार दिवसांपासून उघडत नाही. टोकन आत, मी बाहेर. फसवणुकीची हद्द झाली.
तरी ठरवलं, घरात पारदर्शकता आणायची. ॲसिडच्या बाटलीतून बारा शब्दांचा कागद काढला, घरी आणून गुणाबाईसमोर ठेवला. म्हणालो, आता तुझ्यापासून माझं काही लपलेलं नाही. तिनं कागद घडी करून माझ्या खिशात परत ठेवला. म्हणाली, राहू द्या तुमच्याजवळ. गुप्त गोष्ट आहे.

२ सप्टेंबर, दुपारी
रविवार. सकाळी बाजारातून सामान घेऊन आलो तर घराला कुलूप. तासाभरानं दोघी मायलेकी आल्या. जेवायला बसलो तर ताटात सात्यांची भाजी. कुठून आणल्या, विचारलं. गुणाबाई म्हणाली, बाजारातून. उर्वशीनं मान वर केली नाही. बाजारात मी दोन चकरा मारल्या होत्या, सात्या कोणाकडेच नव्हत्या. दाराशी दोघींच्या चपला होत्या, पट्ट्यांपर्यंत लाल चिखलानं माखलेल्या. कोपऱ्यात टोपलं ओलं. या खेपेला ते उर्वशीनं धरलं असणार.
मला फार वाईट वाटलं. पण तोंडातून निघालं, महाग पडल्या असतील.
नाई जी, गुणाबाई म्हणाली, वळखीची बाई होती.
मी आणखी थोडी भाजी मागितली. तिनं वाढली.