पत्र्यावरून व्याह्यांना

अंबरनाथ (पश्चिम)
मे अखेर

आदरणीय व्याही नरेंद्रराव यांस,

शिवरामचा सविनय जय भीम. विहीणबाई शालनताईंनाही माझा आणि अंजनाचा जय भीम सांगावा. आपल्या शुगरचं काय झालं? मागे आपण कारल्याचा रस सुरू केल्याचं कळलं होतं. तो अजून चालू असल्यास माझी सहानुभूती आणि बंद केला असल्यास माझा पाठिंबा समजावा. वांगणीला पाणी रोज येतं की एक दिवसाआड? शेवग्याला यंदा शेंगा धरल्या का? इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. हे वाक्य पत्रात सगळेच लिहितात, पण मी ते एकेकाला समोर उभं करून, हातपाय नीट बघून मगच लिहिलेलं आहे, यावरून इथे काय घडलं असेल याची आपल्याला कल्पना यावी. (हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण आमच्या घरात फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची पद्धत पडली आहे, आणि पुढचा मजकूर स्पीकरवर बोलण्यासारखा नाही.)

आपल्याला ठाऊक आहेच की आमच्या वरच्या खोलीवर जुने सिमेंटचे पत्रे होते आणि ते गळायचे. गेल्या पावसाळ्यात अंजनाने घरातली सगळी पातेली वर नेऊन मांडली होती आणि खालचा स्वयंपाक एका कुकरवर चालला होता. मला त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. गळणारं पाणी डोळ्यांना दिसतं, ते कुठे पडणार हे माहीत असतं, त्याला घाबरायचं कारण नाही. पण महेंद्रने (आपले जावई) ठरवलं की यंदा पावसाच्या आत रंगीत लोखंडी पत्रे टाकून घ्यायचे. उल्हासनगरहून सोमा नावाचा फॅब्रिकेशनवाला बोलावला. त्याने कमरेवर हात ठेवून वर बघितलं आणि दो दिन का काम है काका, टेन्शन घेऊ नका, असं सांगितलं. नरेंद्रराव, मला ज्या ज्या माणसाने टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं, तो तो माणूस गेल्यावर मी टेन्शन घेतलेलं आहे.

माझा स्वभाव आपल्या लक्षात आला असेल की नाही कोण जाणे. माझी सगळी नोकरी कंपनीच्या गोडाऊनमध्ये, तळमजल्यावर झाली, आणि वरच्या फळीवरचा माल मी कधी स्वतः काढला नाही. घरातला बल्ब अंजना बदलते, मी खाली स्टूल धरतो आणि डोळे मिटतो. मुलांच्या लग्नात स्टेजवर मी आपल्या कोटाची बाही शेवटपर्यंत सोडली नव्हती. फोटोत ते फार प्रेमाचं दिसतं. स्टेजला कठडा नव्हता, एवढंच त्याचं कारण.

सोमा पहिल्या दिवशी चप्पल घालून शिडीला हात लावणार, तेवढ्यात आपली कन्या स्वप्नाली मध्ये आली. एमआयडीसीतल्या कंपनीत ती सेफ्टीला आहे, हे आपण अभिमानाने सांगता आणि आम्हीही सांगतो. पण ती सेफ्टी घरी आल्यावर कसं वाटतं हे फक्त आम्हाला माहीत आहे. तिने सुट्टी टाकली आणि सगळं काम हातात घेतलं. जुना सिमेंटचा पत्रा वरून धड दिसतो आणि पाय पडला की बिस्किटासारखा तुटतो, म्हणून त्यावर कुणी पाऊल ठेवायचं नाही, आडव्या फळ्या टाकून त्यांवरूनच चालायचं. पत्रा फोडायचा नाही, त्याची धूळ छातीत जाते, म्हणून आधी भिजवायचा, तोंडाला मास्क लावायचा आणि अख्खाच्या अख्खा उतरवायचा. खांबावरून घरात येणारी वायर आमच्या छपराच्या अगदी जवळून जाते. लाइटवाल्यांना आणून ती बंद करून घेईपर्यंत तिने एकही नवा पत्रा वर जाऊ दिला नाही. हातमोजे, हेल्मेट, बूट, आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगाला पट्टा व पट्ट्याला दोर. सोमा म्हणाला की तो इतकी वर्षं चपलेवर काम करतोय. तिने शांतपणे सांगितलं की इतकी वर्षं केलंत ना, मग आणखीही करायचंय. दुसऱ्या दिवशी तो बूट घालून आला आणि दिवसभर नव्या नवरदेवासारखा पायांकडे बघत चालला.

रोज सकाळी ती सगळ्यांना शिडीपाशी उभं करून आज काय काय होऊ शकतं ते सांगायची. माणूस पडू शकतो, पत्रा पडू शकतो, हत्यार पडू शकतं, पत्र्याची धार हाताची नस कापू शकते. हे ऐकून बाकीचे कामाला लागायचे. मी संडासात जायचो.

मलाही काम दिलेलं होतं. आमच्या घरासमोरच्या गल्लीत तिने दोर बांधून जागा अडवली होती, म्हणजे वरून काही पडलं तर खाली कुणी नको. मी त्या दोराच्या बाहेर बसायचं, आकाशाकडे आणि गल्लीकडे लक्ष ठेवायचं, आणि धोका दिसला की शिट्टी वाजवायची. शिट्टी वाजली की वरच्यांनी हातातलं काम ठेवून खाली यायचं, कारण विचारायचं नाही, असा नियम. (भित्र्या माणसाच्या हाती एवढा अधिकार कुणी देऊ नये.) मी कावळ्याला शिट्टी वाजवली. ढगाला वाजवली, तो ढग नव्हता, एमआयडीसीतल्या एका चिमणीचा धूर होता. समोरच्या राजाबाई दळणाचा डबा घेऊन दोराखालून वाकून जाऊ लागल्या तेव्हा वाजवली, आणि त्यांनी मला तिथेच जे ऐकवलं त्याने घाबरून पुन्हा वाजवली. दर वेळी वरचे तिघंही, सोमा, महेंद्र आणि स्वप्नाली, उतरायचे. सोमा महेंद्रला म्हणाला की काकांना चार दिवस कुठेतरी फिरायला पाठवा. पण स्वप्नाली एकदाही चिडली नाही. काय दिसलं ते विचारायची, बरं केलंत बाबा म्हणायची आणि परत वर जायची. दोन दिवसांचं काम असं लांबत गेलं.

आता मुख्य प्रसंग. शेवटचे पत्रे राहिले होते. दुपार कलली होती, पान हलत नव्हतं. ऊन सरकलं तशी मी माझी प्लास्टिकची खुर्ची हळूच दोराच्या आत, भिंतीच्या सावलीत ओढून घेतली होती. (हे स्वप्नालीला नंतर कळलं.) माझं लक्ष त्याच चिमणीकडे होतं. सरळ वर जाणारा तिचा धूर एकाएकी आडवा झाला. पाठोपाठ लांबच्या छपरांवरच्या ताडपत्र्या एकामागून एक फुगत आमच्या दिशेने येऊ लागल्या, आणि त्यांच्यामागे धुळीची भिंत. वळवाचा वारा. मी शिट्टी तोंडात घातली आणि नरेंद्रराव, ती वाजेना. शिट्टी फुंकायला हवा बाहेर सोडावी लागते. भीतीने मी जेवढी होती तेवढी आत ओढून घेतली होती आणि ती परत यायला तयार नव्हती. हाकही निघेना. मग मी जे केलं त्यावर माझा स्वतःचा अजून विश्वास नाही. मी शिडी चढलो. वरच्यांना वाचवायला गेलो असं अंजना शेजारीपाजारी सांगते, मी तिला अडवत नाही. पण मला खाली एकटं राहायची भीती वाटली, हे त्यातलं खरं.

वर पोचलो तेव्हा महेंद्र आणि सोमा दोन टोकांना एक लांब पत्रा धरून उभे होते आणि स्वप्नाली फळीवर बसून दोर बघत होती. माझ्या तोंडून वारा एवढा शब्दही नीट फुटला नाही. पण तिने वाऱ्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. मी छपरावर आलोय म्हणजे काहीतरी भयंकर येतंय, हे तिने तेवढ्यावरच ओळखलं. पत्रा ठेवा आणि आडवे पडा, असं ती ओरडली. सोमा त्याच क्षणी पत्रा सोडून पोटावर पडला. महेंद्रने सोडला नाही. वारा पत्र्याखाली शिरला आणि माझा मुलगा माझ्या डोळ्यांदेखत टाचांवरून चवड्यांवर आला.

"महेंद्र, सोड तो."

"जाईल गं."

"जाऊ दे. सोड."

त्याने सोडला. पत्रा नावेच्या शिडासारखा उभा राहिला, एकदा गिरकी घेतली आणि छपराच्या काठावरून दिसेनासा झाला. महेंद्र कोसळला, घसरला आणि दोराने अडला. तो दोर ताठ झाल्याचा आवाज मला अजून जेवताना ऐकू येतो. खालून दुसरा आवाज आला. मी वाकून बघू शकलो नाही, सोमाने बघितलं. पत्रा गल्लीतल्या दोराच्या आतच पडला होता, धारेवर, आणि माझ्या खुर्चीचे दोन भाग झाले होते. दोराच्या पलीकडे राजाबाई डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांना साधं खरचटलंही नाही. आता गल्लीत कुणी त्या दोराखालून वाकायला लागलं तर माझ्याआधी त्याच ओरडतात.

वारा आला तसा निघून गेला. सगळे खाली उतरले. मी उतरू शकलो नाही. नव्या पत्र्यावर बसून मी एका स्क्रूचं डोकं दोन बोटांत धरून ठेवलं होतं. महेंद्र खालून समजावत होता. अंजना खालून चहा झालाय असं सांगत होती, जणू मी चहासाठी अडलो होतो. मग स्वप्नाली परत वर आली. तिने मला पट्टा घातला, दोर अडकवला आणि घाई न करता माझ्या शेजारी बसली. मी तिला विचारलं की तुला भीती कशी वाटत नाही.

"वाटते ना बाबा. रोज वाटते. म्हणून तर दोर बांधते."

आणि मग तिने मला जे सांगितलं ते तिने आपल्याला सांगितलेलं नाही. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कंपनीतल्या एका शेडची पन्हाळ साफ करायला एक माणूस वर गेला होता. ही खाली उभी होती. जेवायला थांबा, मी आलोच, असं तो वरून हिला म्हणाला आणि पुढचं पाऊल त्याने सिमेंटच्या पत्र्यावर टाकलं. तो वाचला नाही. आपण नोकरी सोडायला लावाल म्हणून ती घरी गप्प राहिली. ती हे सांगताना रडली नाही, माझ्या पट्ट्याचं बक्कल उगाच घट्ट करत राहिली. माझ्या शिट्ट्यांबद्दल मी माफी मागायला लागलो तर म्हणाली, "घाबरणारा माणूस खाली बसलाय म्हटलं की मला वर बरं वाटतं, बाबा." आजवर माझ्या भीतीला कुणी इतकं चांगलं बोललेलं नव्हतं.

मग ती माझ्या आधी शिडीवर उतरली आणि खालून माझा एकेक पाय हातात धरून पायरीवर टेकवत गेली. सुना सासऱ्याच्या पाया पडतात, ते मी पाहिलंय. पण सासरा पडू नये म्हणून त्याचा पाय असा धरून ठेवलेला मी कुठे पाहिला नाही. एवढंच मला आपल्याला, तिच्या वडिलांना, सांगायचं होतं.

काम दुसऱ्या दिवशी पुरं झालं. पत्र्यांचे जोड वाऱ्याच्या उलट अंगाला घेतलेत, स्क्रू सोमाने दोनदा तपासले आणि छिद्रांचा लोखंडी चुरा झाडून घेतला, नाहीतर त्याने गंज धरतो. छप्पर पक्कं आहे असं सगळे म्हणतात. मी वर बघितलेलं नाही. इथेच थांबतो. थोरामोठ्यांना जय भीम, लहानांना आशीर्वाद.

आपला,
शिवराम

ता. क. — छपरावर बसलो असताना स्वप्नाली आणखी एक बोलली होती. आपण दर वर्षी मे महिन्यात आपल्या पडवीच्या सिमेंटच्या पत्र्यांवर चढून भेगांत डांबर भरता, आणि शालनताई ओरडतील म्हणून त्या बाजारात गेल्या की एकटेच चढता. तिला ते माहीत आहे. मे महिन्यात वांगणीहून फोन आला की ती उचलायच्या आधी भिंतीला हात टेकते. हे मीही बघितलंय, मला त्याचं कारण माहीत नव्हतं. आपल्याला सांगायला ती धजत नाही. पप्पांना कोण शिकवणार, म्हणते. तेव्हा यंदा चढू नका. पुढच्या आठवड्यात ती, महेंद्र आणि सोमा येऊन आपली पडवी करून देतील. शेडवरून पडलेल्या त्या माणसाचं मात्र ती स्वतः सांगेपर्यंत आपल्याला ठाऊक नाही, असंच असू द्या.

ता. क. दुसरा — वरचा निरोप मी समक्ष येऊन द्यायचा असं घरात ठरलं होतं आणि काल मी तसा निघालोही होतो. अंजनाने आपल्यासाठी डब्यात बिनसाखरेचे लाडू दिले होते. स्टेशनच्या बाकावर बसून मी आपल्याशी कसं बोलायचं याची मनातल्या मनात तयारी केली, त्यात आपण माझ्यावर इतके रागावलात की मी तिथूनच घरी परतलो. घरी सांगितलं की व्याही भेटले, हसले, लगेच हो म्हणाले आणि लाडू त्यांना फार आवडले. (लाडू खरोखर चांगले होते.) हे पत्र वांगणीहून इथे कंपनीत पाळीला येणाऱ्या एका माणसाच्या हाती देतोय, म्हणजे आज संध्याकाळी स्वप्नाली आपल्याला फोन करेल त्याआधी ते पोचावं. माझ्या भीतीत उंचीचा आता दुसरा नंबर आहे, पहिला आपला. तेव्हा तिचा फोन आला की कृपया आधी लाडवांचं बोलावं, आणि मग जे आपण काल मला म्हणालात, तेच तिलाही म्हणावं.