शिकवल्याचे पैसे

४ मार्च

आज कानाखाली बसली. पेशंटच्या भावाची. म्हणे, डॉक्टर कुठे आहेत? डॉक्टर चेंजिंग रूममध्ये, आतून कडी लावून! मी बाहेर होते, म्हणून मला. एवढी जोरात की ड्रेसिंगची ट्रॉली घेऊनच आडवी झाले. इमर्जन्सी वॉर्ड भरलेला, सगळे नुसते बघत होते. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "बर्फ लाव आणि पाच नंबरचं सलाइन बदल."

बदललं.

५ मार्च

डाव्या कानात अजून शिट्टी वाजतेय. आईला फोनवर सांगितलं, दारावर आपटले.

७ मार्च

राजीनामा दिला. एचआरच्या मॅडमनी वाचलासुद्धा नाही. "दोन वर्षांच्या आत सोडलंत तर ट्रेनिंगचा खर्च भरावा लागेल. सही आहे तुमची."

कसलं ट्रेनिंग? तर व्हेंटिलेटरचं. एक माणूस आला, मशीनशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले, जेवला, गेला. मशीन चालवायला शिकवलं ते इनचार्ज सिस्टरनी, ड्यूटीवर, माझ्यावर ओरडून ओरडून. त्याची वसुली माझ्या आठ पगारांएवढी! आणि भरेपर्यंत माझी मूळ सर्टिफिकेटं त्यांच्या कपाटात. ती नाहीत तर दुसरीकडे दारात कोण उभं करणार?

टेबलावर काचेचा पेपरवेट होता. तो मॅडमच्या दातांवर कसा बसेल ते मला अगदी स्पष्ट दिसलं. हात पाठीमागे धरून बाहेर आले.

९ मार्च

दादा म्हणतो, "दात आवळून उरलेलं वर्ष काढ." दात माझे जातील, त्याचं काय!

१२ मार्च

हात धुऊन धुऊन सालटं निघाली. लिहून काढते, नाहीतर वेड लागेल.

दुपारी अपघाताचा एक मुलगा आणला. आणला तेव्हाच गेलेला. डॉक्टरांनी तसं सांगितलं आणि सोबतचे पाच-सहा जण पिसाळले. खुर्च्या, काचा, मॉनिटर — दिसेल ते फोडत सुटले. आतल्या खोलीत मशीनवरचे पेशंट. त्या दारात मामा उभे राहिले, हात पसरून. मामा म्हणजे आमचे वॉर्डबॉय. साठीला आलेले, सगळ्यांचेच मामा. "आत आजारी माणसं आहेत रे बाबांनो—" एवढंच म्हणाले. त्यांच्यातल्या एका लाल शर्टवाल्यानं मामांचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. पुन्हा.

सलाइनचा स्टँड माझ्या हातात कधी आला, माहीत नाही. पहिला फटका मामांसाठी. दुसरा माझ्या कानासाठी. तिसरा मॅडमसाठी होता — त्याच्याशी त्या माणसाचा काय संबंध! ओलं लाकूड फोडल्यासारखा आवाज आला. तो कोसळला. बाकीचे पळाले.

मग तो पेशंट झाला. डॉक्टरांनी नळी घातली, मशीन मी लावलं. आकडे बरोबर. ट्रेनिंग!

१३ मार्च

हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी बोलावलं. चहा मागवला — माझ्यासाठी! म्हणाले, "कॅमेरा बंद होता. बाकी सगळ्या स्टाफनं लिहून दिलंय, मारलं वॉर्डबॉयनं. तो ठेकेदाराचा माणूस, आपला नव्हेच. नर्सनं मारलं म्हटलं तर हॉस्पिटलचं नाव जातं. तुम्हीही पोलिसांना तसंच सांगा. ट्रेनिंगचा विषय संपला. सर्टिफिकेटं घेऊन जा."

मामांना टाके पडलेत. स्टोअररूममधल्या खाटेवर झोपवलंय. त्यांना सगळं सांगितलं, तर हसले. "सांग की, पोरी. म्हाताऱ्याला कोण काय करणार? तू सूट इथून."

"मामा, तुमच्या हातात काहीसुद्धा नव्हतं."

"मग माझाच मान वाढतोय ना! नुसत्या हातानं लोळवला म्हणायचं."

बोलता बोलता उलटी झाली त्यांना. मी डॉक्टरांच्या मागे लागले — डोक्याचा स्कॅन करा, आत्ता करा. "खर्चाला ठेकेदाराची मंजुरी येऊ दे."

१४ मार्च

लाल शर्टवाल्याची बायको दाराशी बसून असते. पळालेले कोणी परत फिरकले नाहीत, त्यामुळे कोणी मारलं ते तिला माहीत नाही. आज तिनं माझे हात धरले. "सिस्टर, तुम्ही आहात म्हणून ते श्वास घेतायत." हात सोडवून घेतले आणि बाथरूममध्ये जाऊन पुन्हा धुतले.

मंजुरी नाही. ठेकेदाराला फोन करून शिव्या दिल्या. त्यानं दुप्पट दिल्या. मामा दिवसभर झोपूनच. हाक मारली की "हं" म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "थकलेत."

उद्या पोलीस येणार. साहेबांना "बघते" म्हटलं. नाही म्हणायचं होतं — आणि म्हटलं बघते!

१५ मार्च

मामा गेले. पहाटे, त्याच खाटेवर. लाल शर्टवाला जिवंत आहे, माझ्या मशीनवर.

साहेब म्हणाले, "आता तर सोपंच झालं."

पोलीस यायची वाट पाहिली नाही. चौकीत आलेय, बाकावर बसून लिहितेय. समोरच्या हवालदारानं विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध?"

म्हटलं, आधी माझं नाव लिहा. मग साहेबांचं.