कडेनं बघताना

आई, मी हल्ली काय काम करते ते तुला सांगायचं राहूनच गेलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, हे कसलं बाई काम. नाशिकमधल्या एका छोट्या कंपनीत आम्ही बस चालवायला शिकवायचं यंत्र बनवतो. शिकणारा माणूस डोळ्यांवर जाड डबा चढवतो आणि त्याला समोर मनमाडचा रस्ता दिसतो. नजर हलेल तसं चित्र त्याच क्षणी नव्यानं काढावं लागतं. सगळंच बारकाईनं काढायला गेलं तर कॉम्प्युटरला धाप लागते. म्हणून आम्ही लबाडी करतो. माणसाला स्वच्छ दिसतं ते नजरेच्या मधलं तेवढंच, कडेचं नुसतं जाणवतं. डब्यातला कॅमेरा बुबुळावर पाळत ठेवतो. बुबुळ जिकडे, तिकडचं चित्र रेखीव, बाकीची झाडं-घरं ओबडधोबड. कुणाला पत्ताही लागत नाही. तू कोथिंबिरीची जुडी बांधताना हिरव्यागार काड्या बाहेरून लावायचीस आणि पिवळट आत कोंबायचीस, तसंच हे. फक्त मला याचा पगार मिळतो.

मखमलाबादचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तू भाकरी थापते आहेस, मी समोर बसून काहीतरी सांगते आहे, आणि तू माझ्याकडे न बघता माझ्या डोक्यावरच्या मांडणीकडे बघते आहेस. मी चिडते. "आई, बोलताना माझ्याकडे बघ ना!" तुझा हात परातीत थांबतो. "तुझ्याकडंच बघती हाय. नीट समोर बघितलं का तू पुसली जाती. वर बघितलं का मंग खालनं जराशी दिसती." डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, आता परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भाकऱ्या तू शेवटपर्यंत गोल थापल्यास. मला मात्र आवाजावरून ओळखायला लागलीस.

मागच्या आठवड्यात यंत्राची तपासणी होती. मी डबा चढवला. माझ्यासोबत काम करणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, समोरचा बोर्ड वाचा."

"बोर्ड फारच ओबडधोबड आलाय. अक्षरंच नाहीत."

"अहो, तुम्ही बोर्डकडे बघतच नाही आहात. वर आभाळात बघताय."

"काहीतरीच काय! बोर्डकडेच बघतेय मी."

डबा काढून मी त्याच्या स्क्रीनशी गेले. माझ्या नजरेचा लाल ठिपका बोर्डच्या वर, ढगात होता. आभाळ अगदी निगुतीनं काढलेलं, ढगाची कड न् कड दिसत होती, आणि खाली बोर्ड म्हणजे नुसता निळा चौकोन. "कॅमेरा येडा झालाय," म्हणत तो स्क्रू काढायला बसला. बाकी सगळ्यांचे ठिपके बरोबर बोर्डवर पडले. माझा दर वेळी वर.

मला तेव्हाच कळलं. कागद वाचताना तो जरा खाली धरायची सवय मला कधी लागली, कोण जाणे. घरी आल्यावर एकेक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघितलं. मधला गज वाकला. मग दिसलाच नाही.

लहानपणी सगळे म्हणायचे, पोरीनं डोळे अगदी आईचे घेतलेत. मी केवढी फुशारायचे. आता तुझा राग येतो, आई. गेलेल्या माणसावर राग धरू नये हे कळतं, तरी येतो. चित्र नीट आलं की नाही ते बघणं, एवढंच मला येतं. तू न बघता भाकरी थापलीस. मी न बघता काय करू? डॉक्टरांकडे गेले तर ते तुला म्हणाले तेच म्हणतील, म्हणून अजून गेले नाही. आणि खूप भीती वाटते.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच लिहवतंय. आज ऑफिसातल्या त्या मुलानं सहज विचारलं, "मॅडम, डोळे ठीक आहेत ना तुमचे?" मी हसून म्हटलं, "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? कॅमेरा बदला." बिचाऱ्यानं लगेच नवा मागवला. तो बसवल्यावरही माझा ठिपका आभाळातच पडणार आहे. त्याला सांगितलं नाही, तुला सांगतेय.