खांबेट्यांसाठी चार ओळी

श्री. खांबेटे यांस,

नमस्कार. बुधवार पेठेतल्या वाचनालयातली तनुजा हडपसरच्या कंपनीत चालली, आणि तिच्या जागेसाठी केलेल्या अर्जात तुम्ही शिफारशीला माझं नाव दिलंत. आधी विचारायची पद्धत असते. असो.

त्या वाचनालयात मी रोज दुपारी जाते, हे तुम्हाला माहीत नसावं. तनुजा माझ्यासाठी पंख्याखालची खुर्ची राखून ठेवते. पुस्तक महिनाभर जास्त राहिलं तरी "असू दे हो काकू" म्हणते. तुम्ही मात्र आपल्या कॉलेजात, माझ्याच निरोपसमारंभात, हार घालायच्या आधी माझ्या नावावरची दोन पुस्तकं मागितलीत. मी तुमची वरिष्ठ होते, खांबेटे!

कॉलेजने ग्रंथालय आवरतं घेतल्यापासून तुम्ही घरी आहात आणि मुलीचं शिक्षण अर्ध्यावर आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही काल वाचनालयाच्या चिटणीसांसमोर शिफारशीचा कागद घेऊन बराच वेळ बसले. "माणूस जरा तिरसट आहे" एवढं लिहिलं असतं, तरी माझ्या दुपारी सुखात गेल्या असत्या.

मी लिहिलं, "ताबडतोब घ्या."

चिटणीस खूश झाले. "बरं झालं बाई, तुमच्या ओळखीचा माणूस. तुमची सोय होईल."

"छे हो! पहिली गैरसोय माझीच होणार. म्हणून तर घ्या म्हणतेय."

हे पत्र मी पाठवणार नाही. सवलत मागतेय असं तुम्हाला वाटेल, आणि तुम्ही लगेच नाही म्हणाल.

विजया परचुरे
(निवृत्त ग्रंथपाल)