कोंडा, काळा चहा आणि माझा शर्ट

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (खरं उत्तर मामी देतील, म्हणून प्रश्न त्यांनाच विचारला आहे असं समजावं.) आम्ही दोघं ठीक आहोत. खुलासा पुढे.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं वितळवणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. तिथले मिस्त्री हे आमचे बिनपदवीचे वैद्य. त्यांच्या मते जेवणात कोंड्याचा पाव आणि वर कडक काळा चहा घेतला, की पोटात गेलेलं शिसं त्यांना चिकटून परस्पर बाहेर पडतं. यात अगदीच तथ्य नाही असं नाही, आणि घोळ झाला तो त्यामुळेच. शिशाचा बंदोबस्त झालाच आहे म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी डबा खाण्याआधी हात धुणं सोडून दिलं. साबण वाचला, मिस्त्रींचा भाव वधारला.

मग मी हे पथ्य घरीही लागू केलं. तुमच्या भाचेसुनेला दिवस गेले आहेत (ही बातमी अशी मध्येच घुसडल्याबद्दल मामींनी रागावू नये). तिचं रक्त कमी म्हणून डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि मी प्रत्येक गोळी मोठ्या प्रेमाने काळ्या चहाबरोबर देत आलो. रक्त काही वाढेना. बाईंनी माझी उलटतपासणी घेतली आणि सांगितलं, की कोंडा आणि चहा माणूस बघून धरत नाहीत. शिसं असो की लोह, जे हाती लागेल ते अडवतात. वर अंगात लोह कमी पडलं, की शरीर शिसं जास्तच ओढून घेतं. म्हणजे मी दाराला कुलूप लावून खिडक्या सताड उघडल्या होत्या.

दोघांचंही रक्त तपासलं. माझ्यात शिसं निघालं, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. तिच्यातही निघालं. ती तर वर्कशॉपची पायरीही चढलेली नाही. “यांचे कपडे कोण धुतं?” बाईंनी विचारलं. ती रोज संध्याकाळी माझा शर्ट दारात झटकायची आणि मग धुवायची. मामा, मी घाबरलो. अजूनही घाबरलेलोच आहे.

आता लोह अंगी लागावं म्हणून चहा जेवणापासून लांब, कडधान्यं भिजवून, वर लिंबू. शर्ट वर्कशॉपमध्येच राहतो, आणि आंघोळ झाल्याशिवाय मला घरात बसायला मिळत नाही. हे सगळं मिस्त्रींच्या कानावर घातलं. ते शांतपणे म्हणाले, “मग कोंडा वाढव.”

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. तुमच्या वह्या-कागदांच्या दुकानात माणूस हवा होता, तो मिळाला का? गल्ल्यावर बसणं माझ्या स्वभावात नाही, असं मी मागे म्हणालो होतो. स्वभाव बदलला आहे. बाळ येण्याआधी मला इथून सुटायचं आहे. हो म्हणा.

आणखी एक. हे पत्र डब्याच्या सुट्टीत, वर्कशॉपमधल्या बाकावर बसून लिहिलं आहे. मामींच्या हातात देऊ नका, वाचून दाखवा. आणि मग हात धुवा.