तीन दुकानांचे बन

ओसी,

पेज झाकून ठेवलीय, गरम करून घे. मी पपांना घेऊन चर्चला जातेय. सभेमुळे ट्राम अडल्या तर परत यायला उशीर होईल.

हात थरथरतात म्हणून पपांना यंदा गुड फ्रायडेचे क्रूसाचे बन करता आले नाहीत. तेव्हा सकाळी मीच तीन दुकानांतून आणले. धोबीतलावच्या कॅफेतला इतका चिवट की दोन्ही हातांनी ओढून तोडावा लागला. कोपऱ्यावरच्या इराण्याच्या बनात मनुका नावालाच. तिसरा आपल्याच बेकरीतला, तू केलेला. शिसारी आली मला. पपा कणकेच्या पट्ट्यांचा क्रूस घालायचे, तू वर साखरेचा पाक ओतलास, तो घामासारखा ओघळलाय. आणि लोण्याऐवजी डुकराची चरबी? आज मांसाला शिवायचं नाही हे तुला मी सांगायचं? हात दोनदा धुतले तरी वास जात नाही. उरलेले तुझे बन शेगडीपाशी ठेवलेत. तूच खा, मांजरसुद्धा हुंगून परत गेली.

मी अडवायच्या आत पपांनी घास घेतला होता. त्यांनी तो रुमालात थुंकला आणि विचारलं, "कुणाकडचा गं हा?" माझ्याच्यानं त्यांच्याच मुलाचं, तुझं नाव घेववलं नाही. म्हटलं, भायखळ्याला कुणीतरी नवीन दुकान काढलंय.

पपा रुमालाची घडी घालत बसले. मग म्हणाले, "बिचाऱ्याला शिकवायला बाप नसेल."

जेन